कात्रीच्या आधी

(दृश्य: शाहूपुरीतलं एक रिकामं गोडाऊन. झाडून-पुसून घेतलेली फरशी. कोपऱ्यात जाड सुती कॅनव्हासचा तागा.)

मे संपत आला की कोल्हापुरात ताडपत्रीवाल्यांना उसंत नसते. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळतो. शहरात येईपर्यंत त्याचा जोर ओसरतो, पण झड काही चुकत नाही. मग ट्रॉली, टेम्पो, खताची पोती, गुळाची थप्पी, सगळ्यालाच पांघरूण लागतं.

शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली आणि गुळानं तिचं नाव केलं. गूळ हवेतली ओल पटकन ओढतो. प्लॅस्टिकची ताडपत्री स्वस्त पडते, पाणीही पक्कं अडवते, पण आतली वाफ बाहेर सोडत नाही. म्हणून अजूनही काही गिऱ्हाईकं मेण लावलेला जाड सुती कॅनव्हासच मागतात. आज जे काम बघणार आहोत ते अशाच एका ट्रॉलीच्या झाकणाचं. त्यातही शिलाई नंतर बघू. ज्यावर सगळं ठरतं, ती आखणी आधी बघायची.

(दृश्य: दोघं जण तागा उलगडतात. कापडाला लाटा आलेल्या.)

"ओढू नगंस पोरा, हवा घाल."

मामा, म्हणजे इथले आखणी करणारे कारागीर, हाताखालच्या पोराला हे तिसऱ्यांदा सांगतायत. सुरकुती दिसली की हात आपोआप कापड ताणायला जातो. ताणलेलं कापड सरळ दिसतं, त्यावर रेघ मारावी, हात सोडावा, की कापड मूळ जागी येतं आणि रेघ वाकडी होते. त्यामुळं दोन टोकं धरून कापड वर उचलायचं, खाली हवा शिरू द्यायची आणि अलगद टेकवायचं. मग थोडा वेळ तसंच पडू द्यायचं. ताग्यात महिनोन्‌महिने गुंडाळून राहिलेल्या कापडाला वळण लागलेलं असतं, ते जायला वेळ द्यावाच लागतो.

कापडात उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. पलीकडं इचलकरंजीत १९०४ सालापासून यंत्रमाग धडधडतायत, त्यामुळं या भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही. ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेनं ओढलं तर कॅनव्हास फारसा ढळत नाही. तिरकं ओढून बघा, लगेच लांबतो. म्हणून रेघ धाग्याला धरूनच जायला हवी.

(दृश्य: जवळून. मामांच्या हातात कापडाचा एक तुकडा, त्यावर पेन्सिलीनं आखलेला चौरस.)

हा तुकडा परवाच कापलाय. त्यावर २० इंच बाय २० इंचाचा चौरस आखला, तुकडा रात्रभर पाण्यात भिजवला, सावलीत वाळवला आणि पुन्हा मोजला. ताण्याच्या बाजूनं भरला सव्वाएकोणीस इंच. बाण्याच्या बाजूनं पावणेवीस. या कापडाचं आटणं असं मोजून हाती आलं. दुसऱ्या ताग्याचं वेगळं येईल, म्हणून मामा प्रत्येक ताग्याचा तुकडा भिजवतात. पहिल्या पावसानंतर झाकण अपुरं पडलं अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला दुकानदार सहसा कापडाचा दोष सांगतो. खरं तर हा हिशेब आखणाऱ्यानं आधी करायचा असतो.

आता ट्रॉली. हौदा, म्हणजे माल भरायची जागा, दहा फूट बाय सहा फूट. चारी बाजूंना दोन-दोन फूट खाली यायला हवं, म्हणजे तयार झाकण १४ बाय १०. इंचात १६८ बाय १२०. चारी कडांना दोन-दोन इंच दुमड धरली की १७२ बाय १२४. ताग्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३६ इंच आणि जोडाला एक इंच कापड कापडावर चढणार.

पट्टे लांबीच्या दिशेनं घातले तर चार लागतात, प्रत्येकी १७२ इंच. एकूण ६८८. त्यात शेवटच्या पट्ट्यातला १७ इंच कापून टाकावा लागतो. तेच पट्टे आडवे घातले तर पाच लागतात, पण प्रत्येकी १२४ इंचाचे. एकूण ६२०. पाच फूट आठ इंच कापड वाचलं. शिवाय पाच पट्टे जोडून लांबीत १७६ इंच भरतात, म्हणजे चार इंच वर उरले, आणि बाण्याचं आटणं त्यातच भागतं. ताण्याच्या बाजूला मात्र १२४ ला पाच इंच जादा धरून १२९ चा पट्टा कापायचा.

"आनि पानी कुठनं जातंय ते बगा," मामा म्हणतात. मालाचा उंचवटा ट्रॉलीच्या मधोमध लांबीला असतो, पाणी दोन्ही अंगांना उतरतं. आडव्या पट्ट्यांचे जोड त्याच उतारानं जातात, त्यामुळं पाणी जोडाच्या कडेनं वाहतं, जोडावर अडत नाही. कापडाची बचत आणि पाण्याची वाट, दोन्ही एकाच मांडणीत साधलं. असं दर वेळी जुळत नाही. जिथं जुळत नाही तिथं मामा पाण्याचं ऐकतात, कापड गेलं तरी चालेल.

(दृश्य: सूत मारणं. दोघं टोकांना, तिसरा मध्ये.)

लांब रेघ पट्टीनं मारत नाहीत. खडूची पूड लावलेलं सूत दोन्ही टोकांना ताणून धरायचं आणि उचलून सोडायचं. सूत सरळ वर उचललं तरच रेघ सरळ उमटते, बोट जरा कलतं झालं की मध्ये पोट येतं. अंतर जास्त असेल तर मधोमध अंगठा दाबून दोन्ही अर्धे वेगवेगळे मारतात. मेणकापडावर खडूच बरा. शाईची पेनं इथं कुणी वापरत नाही, शाई फुटून पलीकडं उतरते.

कोपऱ्यांना गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावून भागत नाही, एवढ्या मापाला तो फार लहान. सहा, आठ, दहा फुटांचा त्रिकोण धरून काटकोन काढतात. शेवटी कर्ण. चारी बाजू मापात असूनही झाकण तिरकं असू शकतं, आणि ते फक्त कर्ण सांगतात. १४ बाय १० ला दोन्ही कर्ण सतरा फूट अडीच इंचाच्या आसपास यायला हवेत. वरची कड एक इंच जरी सरकली, तरी दोन कर्णांत दीड इंचाहून जास्त फरक पडतो. चूक कर्णावर मोठी होऊन दिसते, म्हणून ती पकडायची जागाही तीच.

(दृश्य: जुन्या काळातील रंगवलेला नाटकाचा पडदा.)

कोल्हापूरला जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासची ओळख जुनी आहे. १९१० नंतरच्या काही वर्षांत आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, आणि पश्चिम भारतात त्यांचं नाव झालं. पडदाही आधी काटकोनात यावा लागतो, नाहीतर टांगल्यावर रंगवलेला राजवाडाच कलतो.

घाटाखाली कोकणात शिडाची आखणी मात्र उलट विचारानं चालायची. ताडपत्रीत पाणी साचू नये म्हणून तिला पोट नको. शिडाला वारा धरायला पोट हवं. त्यासाठी पट्ट्यांच्या कडा सरळ न कापता किंचित बाकदार कापतात, आणि बाकदार कडा एकमेकींना जोडल्या की सपाट कापडाला फुगवटा येतो. मला या दोन आखण्या शेजारीशेजारी बघायला फार आवडतं. हत्यारं तीच, सूत तेच, आणि जे इथं टाळायचं तेच तिथं मुद्दाम आणायचं.

(दृश्य: पट्ट्यांवर आकडे आणि बाण काढले जातायत.)

रेघा झाल्या. आता मामा प्रत्येक पट्ट्यावर आकडा घालतात, एक ते पाच, आणि मेणाची बाजू वर असल्याची खूण करतात. आयलेटच्या, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांच्या, जागा आत्ता काढत नाहीत, दुमड शिवल्यावर काढतात. तेव्हाही टेपनं एका टोकाकडून मोजत जात नाहीत, नाहीतर प्रत्येक मापातली सूतभर चूक शेवटच्या भोकापर्यंत साठत जाते. दोन कोपरे पक्के करून कड मधोमध दुमडतात, मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे.

"घे कात्री," मामा पोराला सांगतात. पट्टे दुपारी मशीनवाल्याकडं जातील. ट्रॉलीवाला शनिवारी न्यायला येणार आहे.