सातबाऱ्यावरची सतरा नावं

नमस्कार श्रोतेहो.

बँकेतल्या नोकरीत माझी बरीच वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाखांत गेली. एकदा वाडीतले एक गृहस्थ घराच्या कर्जासाठी आले. जांभ्याच्या भिंती कंबरेपर्यंत आलेल्या, पुढच्या चिऱ्यांना पैसे नव्हते. मी सातबारा मागितला. ते म्हणाले, "साहेब, घर माझा आसा, पण सातबाऱ्यार सतरा नावा आसत."

सतरापैकी चार मयत. नऊजण मुंबईला. एक बहीण बडोद्याला. उरलेले वाडीतच, पण एका फणसाच्या झाडावरून बोलणं बंद. आता गहाणखतावर सह्या कोणाच्या घ्यायच्या?

खरं तर रिझर्व्ह बँकेचा नियम या माणसाच्या बाजूने आहे. बँकांनी आपल्या कर्जवाटपातला किमान 40 टक्के हिस्सा अग्रक्रम क्षेत्राला, म्हणजे ज्यांना कर्ज आधी मिळावं असं ठरलंय त्यांना, द्यायचा असतो. त्यात 18 टक्के शेतीला, 12 टक्के दुर्बल घटकांना. सामान्यांची घरंही याच क्षेत्रात मोडतात. 1 एप्रिल 2025 पासून 10 लाखांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी 35 लाखांपर्यंतचं गृहकर्ज यात धरलं जातं, घराचा एकूण खर्च 44 लाखांच्या आत असला तर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात 10 लाख वस्तीचं शहरच नाही, म्हणजे देवगडपासून दापोलीपर्यंत सगळीकडे हीच मर्यादा.

पण या उद्दिष्टाची मोजणी रुपयांत होते, घरांच्या संख्येत नाही. शहरातल्या फ्लॅटचं 30 लाखांचं एक प्रकरण आणि वाडीतली 3-3 लाखांची दहा प्रकरणं हिशेबात सारखीच. कागद तपासायचे मात्र दहापट. मार्चअखेरीला शाखाधिकारी कोणती फाईल आधी उघडेल, ते मी खुर्चीत बसून पाहिलंय. त्यात माझीही खुर्ची आली.

उद्दिष्ट हुकलं तर बँकेला तुटीचे पैसे कमी व्याजावर नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या बँकेच्या ग्रामीण पायाभूत सुविधा निधीसारख्या निधींत ठेवावे लागतात. हा निधी 1995-96 पासून आहे. त्यातून रस्ते होतात, पूल होतात. चांगलंच आहे. पण साकव झाला तरी पलीकडची कंबरेपर्यंतची भिंत तेवढीच राहते.

घरकुल योजनेचं तसंच. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाटीवर 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार मिळतात, आणि लाभार्थ्याला हवं असल्यास बँकेकडून 70 हजारांपर्यंत कर्जाची सोय आहे. पण इथेही आधी विचारतात, जागा कोणाच्या नावावर?

2020 साली स्वामित्व योजना आली. ड्रोनने गावठाणं मोजून घरमालकाला मिळकत पत्रिका, म्हणजे घर-जागेच्या मालकीचा कागद, द्यायची. देशावरच्या गावांना ती मानवते, तिथे घरं गावठाणात एकाला एक चिकटून. आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या, अनेक घरं गावठाणाबाहेर, आंब्या-काजूच्या सातबाऱ्यावर. त्यामुळे ड्रोन डोक्यावरून गेला तरी अशा घराला पत्रिका मिळत नाही.

मग करायचं काय? आधी मयतांच्या वारसांची नोंद करून घ्या. ज्यांना हिस्सा नको, त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. सगळ्या हिस्सेदारांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप होतं. हे कर्जाच्या अर्जाआधी करा, अर्जानंतर नव्हे. बँकेत नुसतं "आमचंच आहे हो" चालत नाही.

त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं, की गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतील, तेव्हा विषय काढा. त्यांनी काढला. आरती झाल्यावर, मोदक खाता खाता बारा जणांनी होकार दिला. तेराव्याने फणसाची आठवण काढली.