पीटर तळ्याचा सापळा

वरून पाहिलं की हे तळं वाळूच्या घड्याळासारखं दिसतं. दोन्हीकडे फुगीर, मध्ये चिंचोळं. आणि त्या चिंचोळ्या जागी हा मातीचा बांध. १९५१ साली तळ्यांचे अभ्यासक आर्थर हॅसलर यांनी तो घालून घेतला. एका तळ्याची दोन झाली: अलीकडचं पीटर, पलीकडचं पॉल. अमेरिकेत, विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या सीमेवरच्या जंगलात.

एकाला हात लावायचा, दुसऱ्याला नाही. मोजायची मात्र दोन्ही.

२००८ मध्ये परिसंस्थेचे अभ्यासक स्टीफन कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी पीटरमध्ये बास सोडायला सुरुवात केली. मोठ्या जबड्याचा शिकारी मासा. एकदम नाही, थोडे थोडे. तोवर इथे बारक्या माशांचं राज्य होतं. ते जाऊन बासचं येण्याआधी तळं काही इशारा देतं का, ते बघायचं होतं.

आता काठाकडे बघा. पाण्यात बुडवलेला हा जाळीचा सापळा. दोर ओढायचा, पाणी निथळू द्यायचं, आतले मासे एकेक करून मोजायचे, आकडा वहीत, मासे परत पाण्यात. उद्या पुन्हा तेच. बासची चाहूल लागली की बारके मासे खोल पाणी सोडून काठाच्या आडोशाला येतात. सापळ्यातले आकडे खालीवर व्हायला लागतात.

तळ्याच्या मध्यावर तरंगणारं हे यंत्र दर ५ मिनिटांनी पाण्यातलं हरितद्रव्य मोजतं, म्हणजे शेवाळ किती आहे ते कळतं.

धडधाकट तळं धक्का बसला तरी चटकन जागेवर येतं. कडेलोटाजवळ आलेलं तळं सावरायला वेळ घेतं. ताप उतरला तरी अंगात कणकण राहावी, तसं. आजचा आकडा कालच्या आकड्याला चिकटून राहतो, चढउतार रुंदावत जातात. फेफऱ्याच्या झटक्याआधी, शेअर बाजार कोसळण्याआधीही अशीच लक्षणं दिसू शकतात, असं परिसंस्थेचेच अभ्यासक मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलं होतं.

पीटरमध्ये ती दिसली. बदल पूर्ण व्हायच्या वर्षभराहून अधिक आधी. महिन्यातून एकदा येऊन बाटलीभर पाणी नेणाऱ्याला ती कधीच दिसली नसती.

पुढे बारके मासे घटले, ते ज्यांना खायचे ते पाण्यातले इवलेसे जीव, पाणपिसू, वाढले, तळं बदललं.

२०१५ मध्ये याच पाण्यात मुद्दाम रोज नत्र आणि स्फुरद घातलं. निळं-हिरवं शेवाळ वाढू लागलं. आकड्यांत इशारा उमटला आणि खत थांबवलं. शेवाळ ओसरलं.

ही नाव आता यंत्राकडे निघाली आहे.