दोरी ओढल्यावर कोण येतं?

नमस्कार मंडळी! टीम लीडर घडवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, यावर आज बोलू. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉण्टला जाऊ.

तिथे जनरल मोटर्सचा कारखाना होता आणि त्याची बदनामीच जास्त. सोमवारी सकाळी गाड्या जोडायची लाईन सुरू करायला माणसं पुरायची नाहीत. ड्युटीवर दारू चालायची, तक्रारींचे ढीग साचलेले. काही महाभाग दरवाजाच्या पत्र्याआड मुद्दाम बाटली टाकून ठेवायचे. गाडी घेणारा बसला खडखड ऐकत! १९८२ मध्ये कंपनीने टाळं ठोकलं.

१९८४ च्या अखेरीस तोच कारखाना पुन्हा सुरू झाला, टोयोटा आणि जनरल मोटर्सच्या भागीदारीत. नाव न्यूमी. चालवणार टोयोटा. आणि कामावर घेतली ती बहुतेक जुनीच माणसं, युनियनही जुनीच. तरी वीस टक्क्यांच्या घरातली गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या तोडीचा झाला.

असं झालं तरी काय? कामगारांचं सोडा, साहेबाचं काम काय ते बघा.

जुन्या कारखान्यात एकच कायदा होता: लाईन थांबता कामा नये. चुकीचा पार्ट बसला? जाऊ दे पुढे, नंतर यार्डात रिवर्क करू. न्यूमीत प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली. काम अडलं की ओढायची. ओढली की बोर्डावर दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर तिथे हजर होतो. पहिला प्रश्न, "काय अडलंय?" "कोणी केलं?" हा प्रश्नच नाही. मिनिटभरात जमलं तर पुन्हा दोरी ओढायची, लाईन चालूच राहते. नाही जमलं तर लाईन थांबते. थांबू दे.

चाकण-रांजणगावला काम करणारे म्हणतील, "दोरी काय, आमच्याकडे बटण आहे." असेलच. पण दाबल्यावर कोण येतं आणि येऊन काय बोलतो? खरी मेख तिथे आहे.

आता हे टीम लीडर कुठून आणले? लाईनवरचेच कामगार, प्रत्येकाकडे मोजकी पाच-सात माणसं. त्यांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात दोन-तीन आठवडे पाठवलं. तिथल्या जोडीदाराबरोबर उभं राहून तेच काम करायचं. आपण चुकलो की शेजारचा धावून येतो, हे त्यांनी आधी स्वतः अनुभवलं. आपल्याकडे प्रमोशनचं पत्र देतात आणि हॉटेलात दोन दिवसांचं ट्रेनिंग. जेवण उत्तम असतं, एवढं मान्य.

आणि शब्द पाळला, हे सगळ्यात मोठं. युनियनशी करार होता, अगदीच गळ्याशी आल्याशिवाय कुणाला काढायचं नाही, आणि आधी साहेबांच्या पगाराला कात्री लावायची. १९८८ च्या सुमारास तिथे बनणाऱ्या नोव्हा गाडीची मागणी कोसळली. कारखाना क्षमतेच्या निम्म्याहून थोडा वर चालत होता. तरी कामगार कपात नाही. रिकाम्या माणसांना प्रशिक्षण दिलं, कामाच्या पद्धती सुधारायला बसवलं. त्यानंतर दोरी ओढायला कोण घाबरेल?

जनरल मोटर्सने हाच प्रयोग लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाईसला करून पाहिला. टीम आल्या, दोऱ्याही आल्या. पण तिथले मॅनेजर जुन्याच तालमीतले, त्यांचं लक्ष गाड्यांच्या आकड्यावर. कुणी दोरी ओढली की चिडायचे. हळूहळू कुणी ओढेनासं झालं. १९९२ मध्ये तो कारखानाही बंद पडला.

न्यूमीचंही पुढे सगळं गोड झालं नाही, तेही सांगतो. २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलेली जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडली आणि एप्रिल २०१० मध्ये टोयोटाने कारखाना बंद केला. हजारो कामगार घरी बसले. हा निर्णय वर झाला होता. लाईनवर कुठलीही दोरी ओढून तो थांबणार नव्हता.