सेनिओवरची दुसरी खेप

[नकाशा: उत्तर इटली, सेनिओ नदी]

सेनिओ म्हणायला नदी. रुंदी जेमतेम १५ फूट, पाणी चार-पाच फूट खोल. खरी अडचण होती ती दोन्ही काठांच्या पूरबांधांची. उंची ३० ते ३५ फूट, आणि नदीकडची बाजू जवळपास सरळ उभी. सान पोलितो गावाच्या उत्तरेला जर्मनांनी पूर्वेचा बांध पोखरून ठेवला होता. पोटात मशीनगनची ठाणी, त्यांच्या वर सुरुंगांचा पट्टा.

९ एप्रिल १९४५ची संध्याकाळ. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियननं, म्हणजे जंगी पलटणीनं, या बांधावर हल्ला चढवला. कंपनी कमांडरच्या सोबत होते शिपाई नामदेव जाधव. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, वय २३. काम रनरचं. निरोप पोचवायचे, एवढंच.

तुकडी पाण्यातून पश्चिम काठाला लागली, आणि गोळ्या आल्या त्या पाठीमागून! नुकत्याच ओलांडलेल्या बांधाच्या आतल्या अंगाला किमान तीन जर्मन ठाणी अजून शाबूत होती. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे ठार. धडधाकट उरले एकटे नामदेव.

त्यांनी एका जखमीला उचललं. आता परतायचं ते त्याच मशीनगनच्या तोंडावर. आधी पाणी, मग ती उभी चढण, मग सुरुंग. अंगावर माणसाचं ओझं असताना पाय कुठे पडतोय, हे कोण बघत बसणार? जखमीला बांधापलीकडे सोडलं आणि नामदेव पुन्हा खाली उतरले, दुसऱ्यासाठी. अशा कथा सांगताना आपल्याला ग्रेनेडपर्यंत पोचायची घाई असते. पण पहिल्या खेपेला वाटेत काय आहे ते कळलं होतं, आणि तरीही ते गेले. या लढाईतलं सगळ्यात अवघड काम हेच असावं.

तिसऱ्यांदा बांध ओलांडला तो हिशेब चुकता करायला. टॉमीगननं, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगननं, पहिलं ठाणं गप्प केलं. त्यात हात जखमी झाला, गन चालवता येईना. ती फेकली आणि ग्रेनेड घेतले. आणखी दोन ठाणी उडवली. मध्ये ग्रेनेड कमी पडले, तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या उतारावरच्या साथीदारांकडून नवे आणले.

मशीनगन थांबल्या. मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफांचा, मारा चालूच होता. त्या माऱ्यात नामदेव बांधावर उघड्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची रणगर्जना करत उरलेल्या कंपन्यांना हातानं पुढे बोलावू लागले. पलटण नदीपार झाली.

[छायाचित्र: व्हिक्टोरिया क्रॉस]

या पराक्रमासाठी नामदेव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिश सैन्यातला शौर्याचा सर्वोच्च सन्मान. त्याच दिवशी, याच नदीवर, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मराठा लाइट इन्फन्ट्रीला दुसऱ्या महायुद्धात मिळालेला नामदेव यांचा हा दुसरा. पहिला नाईक यशवंत घाडगे यांचा, जुलै १९४४, इटलीतल्याच टायबर नदीच्या खोऱ्यातला, मरणोत्तर. नामदेव जाधव मात्र परत आले, पुढे हवालदार झाले. १९८४ साली पुण्यात त्यांचं निधन झालं.