यात नुकसान कोणाचं?

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधलं रिपन गाव. तिथून जवळच, स्केल नदीच्या काठी, हा फाउंटन्सचा मठ. 1132 साली यॉर्कमधला जुना मठ सोडून तेरा ख्रिस्ती साधू या ओसाड खोऱ्यात आले. पुढच्या शंभर वर्षांत आसपासच्या जमीनदारांनी त्यांना शेतं दिली, कुरणं दिली. आपल्यामागे कुणीतरी आपल्यासाठी प्रार्थना करावी, एवढीच आस. कुरणांवर मेंढ्या वाढल्या, लोकर इटलीच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचली. नव्वद मीटर लांबीचं इथलं कमानींचं दालन त्याच भरभराटीतलं.

राजाला मात्र या दानधर्माची चिंता वाटू लागली.

जमीनदार मेला, की वारस धन्याला, म्हणजे ज्याच्याकडून जमीन धरलेली त्या वरच्या सरदाराला किंवा राजाला, नजराणा भरायचा. वारस अज्ञान असला, तर तो वयात येईपर्यंत जमिनीचं उत्पन्न धन्याकडे. वारसच नसला, तर जमीन परत. पण मठ मरत नाही. त्याला बालपण नाही, लग्न नाही, वारस नाही. एकदा त्याच्या मुठीत गेलेली जमीन सुटायची नाही. म्हणून लोक या पकडीला ‘मॉर्टमेन’ म्हणत, म्हणजे मेलेला हात.

1279 साली पहिल्या एडवर्डनं कायदाच केला: धर्मसंस्थांनी यापुढे जमीन घ्यायची नाही. विकत नाही, दान म्हणूनही नाही. घेतलीच, तर वरच्या धन्यानं वर्षाच्या आत ती जप्त करावी. फाउंटन्सची बरीचशी जमीन याआधीच आलेली होती. इतर अनेक मठांना मात्र आता राजाच्या दारात उभं राहावं लागलं, कारण बंदी असली तरी राजा परवाना देऊ शकत होता.

या परवान्याची वाट गावातून जायची. राजाच्या कचेरीतून हुकूम सुटे, अधिकारी त्या भागात येई आणि तिथल्या बारा माणसांना शपथेवर विचारी: ही जमीन मठाला दिली, तर राजाचं किंवा आणखी कुणाचं नुकसान होईल का? ती कुणाकडून धरलेली आहे? वर्षाला किती पिकते? आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो प्रश्न असा: देणाऱ्याकडे उरेल तेवढ्या जमिनीवर त्याला आपली सरकारी कामं निभावता येतील ना? की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडेल? पुण्य एकाचं आणि ओझं गावाचं, असं होऊ नये म्हणून हे विचारणं होतं.

उत्तरं लॅटिनमध्ये चर्मपत्रावर उतरत, खाली बारा जणांचे शिक्के उमटत. मग शुल्क भरायचं, आणि राजमुद्रेची सनद हाती पडायची. तिची नक्कल सरकारी गुंडाळीत लिहिली जाई.

मठांनी पळवाटाही शोधल्या. जमीन मित्रांच्या नावावर ठेवायची आणि उत्पन्न आपण घ्यायचं. 1391 साली दुसऱ्या रिचर्डच्या काळात तीही वाट बंद झाली.

नोव्हेंबर 1539 मध्ये फाउंटन्सच्या शेवटच्या मठाधिपतीनं सगळं, देशातले मठ बंद करायला निघालेल्या आठव्या हेन्री राजाच्या हवाली केलं. पुढच्याच वर्षी राजानं ते लंडनच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याला विकलं.

त्या चौकश्यांची चर्मपत्रं मात्र आजही लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कुठे चार एकर शेत, कुठे एखादं कुरण, आणि सोबत, जमीन ओळखणाऱ्या बारा शेजाऱ्यांची नावं.