दुसऱ्या गिअरचा दणका

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या ज्या श्रोत्यांकडे १९९०च्या दशकातला शेव्हरोले किंवा जीएमसीचा पिकअप ट्रक आहे, त्यांच्यापैकी काहींना हा अनुभव परिचयाचा असेल. सिग्नल सुटतो, गाडी पहिल्या गिअरमध्ये निघते आणि दुसरा गिअर पडताना असा दणका बसतो की मागे कोणी धडकले की काय, म्हणून आपण आरशात पाहतो. गाडी गॅरेजमध्ये नेली की गिअरबॉक्स उतरवून पूर्ण बांधावा लागेल, असे उत्तर बरेचदा मिळते. ते काही वेळा खरेही असते. पण घसरणारा गिअर आणि दणका देऊन पडणारा गिअर ही दोन वेगळी दुखणी आहेत. गिअर घसरतो तेव्हा क्लचच्या प्लेटांना पुरेसा दाब मिळत नसतो किंवा प्लेटाच झिजलेल्या असतात. दणका बसतो तेव्हा बहुधा तेलाचा दाब गरजेपेक्षा जास्त असतो किंवा तो दाब हळुवार लागावा म्हणून केलेली सोय निकामी झालेली असते. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी शोधायचे ते एवढेच, की हा जादा दाब मागितला कोणी?

या ट्रकांमध्ये फोर-एल-सिक्स्टी-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. १९८२मध्ये आलेला सेव्हन-हंड्रेड-आर-फोर हा त्याचा पूर्वज. त्यात दाब कमीजास्त करण्याचे काम थ्रॉटलला जोडलेली एक केबल करीत असे. १९९३पासून ट्रकांमध्ये हे काम कॉम्प्युटरकडे आले आणि केबलच्या जागी प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड, म्हणजे तेलाचा दाब ठरवणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, बसला. या सोलेनॉइडची तऱ्हा ध्यानात ठेवण्यासारखी आहे: त्याला जितका जास्त करंट मिळतो तितका दाब कमी होतो. करंट एक ॲम्पिअरच्या जवळपास असेल तर दाब ५५ ते ६५ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचे पौंड) उतरतो आणि करंट तुटला तर तो १७० ते १९० पीएसआयपर्यंत चढतो. वायर तुटली, प्लग गंजला, कॉम्प्युटर गोंधळला, तर प्लेटा जळण्यापेक्षा मालकाला दणके बसलेले बरे, असा हिशेब करूनच हे ठरवलेले आहे. मला तो हिशेब पटतो, मात्र मालकाला तो कोणी समजावून सांगत नाही.

सोलेनॉइडकडे वळण्यापूर्वी दणका खरोखर गिअरबॉक्सचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. गाडी थांबल्यानंतर, किंवा थांबलेली गाडी सुटताना गिअर बदललेला नसतानाही 'टक्' असा आवाज येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, शाफ्टच्या पुढच्या टोकाचे कोरडे पडलेले स्लाइडिंग योक, गिअरबॉक्सखालचे रबरी माउंटिंग आणि मागचे डिफरन्शिअल यांच्याकडे पाहावे. चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद करून शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवला की ढिलाई कुठे आहे ते कळते. ट्रक जुना आणि दुसऱ्याच्या हातून आलेला असेल, तर आधीच्या मालकाने ट्रेलर ओढण्यासाठी शिफ्ट किट (गिअर झटक्यात पडावेत म्हणून मिळणारे सुटे भाग) किंवा मोठा कॉर्व्हेट सर्व्हो (दुसरा गिअर जास्त जोराने आवळणारा पिस्टन) बसवून घेतला होता का, हेही विचारावे. तसे असेल तर तो दणका पैसे देऊन विकत घेतलेला आहे. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी सपाट जागेवर, गाडी तापलेली आणि इंजिन चालू असताना, पार्कमध्ये पाहावी. तेल काळे असेल आणि त्याला जळका वास असेल, तर प्लेटा जळून संपलेल्या आहेत आणि पुढची चर्चा फार उपयोगाची नाही.

खरा तपास दोन साधनांनी होतो. गिअरबॉक्सच्या ड्रायव्हरकडील बाजूला दाब मोजण्यासाठी एक लहान प्लग दिलेला आहे, तिथे किमान ३०० पीएसआयपर्यंत मोजणारा गेज लावावा. त्याच वेळी कॉम्प्युटर सोलेनॉइडला किती करंट देत आहे हे दाखवणारा स्कॅनर जोडावा. नुसता बिघाडाचा कोड वाचणारा स्वस्त यंत्रप्रकार इथे अपुरा पडतो. मग हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. कॉम्प्युटर पुरेसा करंट देतो असे स्कॅनर म्हणत असेल आणि गेजवर तरीही १७०च्या वर दाब दिसत असेल, तर दोष सोलेनॉइडमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा दाब नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आहे. सोलेनॉइडची रेझिस्टन्स थंड असताना साधारण ३ ते ५ ओहम असते, ती मोजायला दोन मिनिटे लागतात. उलट, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असताना कॉम्प्युटरच करंट कमी करीत असेल, तर त्याला कोणीतरी खोटी खबर देत आहे, असे समजावे. ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास सुरू होऊन चारच्या वर जाईपर्यंत सलग चढला पाहिजे. रोजच्या वापरात पाय जिथे टेकलेला असतो त्याच जागी हा सेन्सर आतून झिजतो आणि तिथेच आकडा उडी मारतो.

दोन्ही आकडे जुळत असतील, बाकीचे गिअर सुरळीत पडत असतील आणि फक्त पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना दणका बसत असेल, तर तेलाचा पॅन उघडावा. सोळा बोल्ट काढले की सुमारे पाच क्वार्ट तेल उतरते आणि व्हॉल्व्ह बॉडीला, म्हणजे तेलाच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेल्या ठोकळ्याला, लावलेला वन-टू ॲक्युम्युलेटर हाताशी येतो. हा एक छोटा पिस्टन आहे. दुसऱ्या गिअरचा बँड, म्हणजे फिरणाऱ्या ड्रमला पकडणारा पट्टा, आवळला जात असताना काही तेल या पिस्टनमागच्या स्प्रिंगला रेटण्यात खर्च होते आणि त्यामुळे बँड एकदम न आवळता क्षणभर रेंगाळून आवळतो. ट्रक जुना झाला की स्प्रिंगचे तुकडे झालेले आढळतात, पिस्टनला तडा गेलेला असतो, किंवा पिस्टन तिरका घासून त्याच्या घराच्या भिंतीवर एका बाजूला चकचकीत पट्टा पडलेला दिसतो. असा पट्टा नखाला लागत असेल तर नवा पिस्टन जुन्या घरात घालू नये, पूर्ण जुळणीच बदलावी. गिअरबॉक्स जागचा हलवावा लागत नाही.

आता सर्वांत फसवे प्रकरण. सकाळी ट्रक निर्दोष चालतो. हायवेवर बराच वेळ धावून तो खाली उतरला, पहिल्या सिग्नलला थांबून निघाला, की दणका बसतो. आणि इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केले की तोच ट्रक पुन्हा शहाण्यासारखा वागतो. १९९६च्या आसपासच्या आणि नंतरच्या ट्रकांत अशा वेळी स्कॅनरवर बहुधा पी-१८७० हा कोड सापडतो. हायवेच्या वेगाला टॉर्क कन्व्हर्टरमधला, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातला, क्लच लागतो. त्याला तेल पुरवणारा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमच्या भोकात सतत थरथरत असल्यामुळे ते भोक वर्षानुवर्षांत मोठे होते, तेल गळते आणि क्लच घसरू लागतो. कॉम्प्युटरला घसरण दिसते, पण ती कुठली हे त्याला नेमके कळत नाही, म्हणून तो प्लेटा वाचवण्यासाठी दाब शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतो. दणका दुसऱ्या गिअरला बसतो आणि दोष मात्र चौथ्या गिअरमध्ये, ताशी साठ मैलांच्या वेगाला घडलेला असतो. अशा ट्रकाचा ॲक्युम्युलेटर बदलून काहीच साधत नाही. कोड पुसून गाडी परत करणे ही तर मालकाची निव्वळ फसवणूक आहे, कारण पुढच्या लांबच्या फेरीत तो कोड परत येतोच.

यावर उपाय दोन आहेत: झिजलेले भोक रीमर या हत्याराने मोठे करून त्यात स्लीव्ह, म्हणजे बारीक नळी, बसवणे किंवा दुरुस्त केलेली व्हॉल्व्ह बॉडी घालणे. दोन्ही कामे गिअरबॉक्स गाडीत ठेवून होतात. त्यानंतर गिअरबॉक्स चांगला तापेपर्यंत हायवेवर चालवून, कन्व्हर्टरचा क्लच लागलेला असताना स्कॅनरवरचा घसरणीचा आकडा पाहावा. १९९६-९७च्या ट्रकांत तो शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. नव्या व्हॉल्व्ह बॉडीनंतरही तो चढत असेल, तर कन्व्हर्टरमधले अस्तरच संपलेले आहे, आणि मग गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागेल.