सडपातळ शरीरातील चरबी

श्रोतेहो, नमस्कार. घरात मधुमेहाचा विषय निघाला की आपले लक्ष प्रथम जाड माणसाकडे जाते. परंतु आपल्याकडे सडपातळ माणसांनाही हा आजार का जडतो, या प्रश्नाला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपली कारकीर्द वाहिली.

त्यांची एक हकीकत मला अतिशय प्रिय आहे. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही सारखाच, २२.३ होता, म्हणजे वजनकाट्याच्या हिशेबाने दोघेही ठणठणीत. परंतु क्ष-किरणांच्या तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आढळली, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुन्हा सांगतो : बीएमआय सारखा, चरबी दुपटीहून अधिक. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी ते गाठण्यासाठी धावणे, असे त्या छायाचित्राखाली छापले होते. शिवाय याज्ञिकांचे जन्मवजन कमी होते, याचीही तेथे नोंद होती. स्वतःचेच शरीर पुरावा म्हणून जगापुढे ठेवणाऱ्या या संशोधकाविषयी मला नितांत आदर वाटतो.

धावण्यावरून आठवले. आपल्या नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदानावर पहाटे फेऱ्या मारणाऱ्या सासऱ्यांच्या घरातील सुनेलाही तो एक तास मिळाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कारण सून म्हणजे उद्याची आई, आणि या आजाराचे मूळ याज्ञिकांना आईच्या पोषणात सापडले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, मात्र पुण्याच्या बाळांत स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बाळ लहान, पण चरबी राखलेली. बहुतेक मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. म्हणूनच २०१२ मध्ये, त्याच अभ्यासात जन्मलेली मुले तरुण झाल्यावर, पुढच्या पिढीचा विचार करून त्यांना बी-१२ देण्याचा प्रयोग याज्ञिकांनी सुरू केला.